पाळीव सापाला जोडीदार लागतो का? एका सापाची नीट सोय आणि दुसरा आणायचाच असेल तर घ्यायची काळजी

साप घरात आला, आठवडाभर नवलाई झाली, की पालकाच्या मनात एक शंका डोकावतेच: हा दिवसभर एका कोपऱ्यात एकटाच पडून असतो, कंटाळत नसेल का? सोबतीला आणखी एक आणला तर? कुत्रा, पोपट किंवा ससा पाळलेल्या माणसाला तर ही शंका फारच रास्त वाटते.

उत्तर आधीच देऊन टाकतो. कॉर्न स्नेक, बॉल पायथन (हा एक छोटा अजगरच), किंग स्नेक, मिल्क स्नेक, बोआ या नेहमी पाळल्या जाणाऱ्या जातींना जोडीदार लागत नाही आणि एका पेटीत एकच साप ठेवावा. आपल्याला जो एकटेपणा दिसतो, तो बहुतेक वेळा पेटीतली काहीतरी चूक असते. तापमान बिघडलेलं असतं, लपायला जागा नसते किंवा पेटीच तोकडी पडत असते. दुसरा साप आणून यातलं काहीही सुटत नाही, उलट दुपटीने चिघळतं.

इथे साप म्हणजे कायद्याने पाळता येणारा, बंदिस्त पैदाशीतून जन्मलेला बिनविषारी साप. कोणती जात पाळता येते, परवाना लागतो का, हे देशागणिक बदलतं, ते आधी तपासा. रानातून पकडलेला साप पाळू नये. तो ताणाखाली असतो, अंगावर परजीवी घेऊन येतो आणि बऱ्याच ठिकाणी तो गुन्हाही असतो.

सापांना सोबत कळतच नाही का?

कळते. साप म्हणजे निव्वळ भावनाशून्य नळी, हा समज आता टिकत नाही. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी ईस्टर्न गार्टर स्नेक या उत्तर अमेरिकेतल्या सापाच्या ४० पिल्लांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिल्लांच्या जागा मुद्दाम बदलून ठेवल्या तरी ती पुन्हा आपापल्या गटात जात होती. काही धीट होती, काही बुजरी. रॅटलस्नेक या विषारी सापाच्या कॅलिफोर्नियातल्या एका जातीवर २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की डिवचल्यावर एकट्या सापाच्या हृदयाचे ठोके जितके वाढतात, तितके दुसरा साप जवळ असताना वाढत नाहीत. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या नार्सिसच्या बिळांमध्ये तर हिवाळा काढायला हजारो गार्टर साप एकत्र जमतात.

मग हे सगळं सोबतीच्या बाजूने नाही का? नाही, आणि कारण साधं आहे. रानातला साप दुसऱ्याजवळ येतो तो ऋतू पाहून, काम पाहून आणि स्वतःच्या मर्जीने. काम झालं की निघून जातो. पेटीत त्याला निघून जाता येत नाही. शिवाय हे निष्कर्ष गार्टर आणि रॅटलस्नेकबद्दलचे आहेत. त्यावरून बॉल पायथनला मित्र हवा असं म्हणणं हा केवळ आपला उत्साह. बॉल पायथनची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते खरी, पण पिल्लं बाहेर आली की तिचा आणि त्यांचा संबंध संपतो.

"पण ते तर एकमेकांवर निवांत झोपतात!"

दोन साप एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येकाचा हा हुकमी पुरावा. एकदा जवळ जाऊन नीट बघा. पेटीच्या उबदार टोकाला एकच आडोसा आहे. त्यात मोठा साप वेटोळं घालून बसलाय आणि धाकटा त्याच्या खाली भिंतीला चिकटून दबलाय किंवा वर चढून बसलाय. धाकट्याला ऊब हवी असेल तर दुसरी जागाच नाही. दोघांना हवी ती एकमेव जागा दोघांनी धरली आहे, इतकाच त्याचा अर्थ. साप जागेसाठी कुत्र्यांसारखे एकमेकांवर गुरगुरत नाहीत, चावत नाहीत. जोरकस साप चांगली जागा अडवून बसतो आणि दुसरा थंड कोपऱ्यात सरकतो. थंडीत पडून राहिलेल्या सापाला अन्न नीट पचत नाही, तो खाणं सोडतो, वजन उतरतं. मारामारी झाली नाही म्हणून मालक खूश, आणि एक साप हळूहळू खंगत चाललेला.

एकत्र ठेवल्यावर नेमकं काय बिघडतं

पहिला धोका अगदी थेट आहे: एक दुसऱ्याला गिळतो. किंग स्नेक रानात इतर साप खातोच, रॅटलस्नेकसुद्धा, आणि त्यांच्या विषाला तो सहसा दाद देत नाही. आपल्याइतक्या लांबीचा सापही तो पोटात घालतो. दोन किंग स्नेक एका पेटीत ठेवणं म्हणजे एक जण जेवण होणार हे मान्य करून ठेवणं. मिल्क स्नेक त्याच कुळातला.

कॉर्न स्नेक साधारणपणे साप खात नाही, पण जेवणाच्या वेळी त्याच्यावरही भरवसा ठेवता येत नाही. चिमट्यात धरलेला उंदीर आत गेला, उंदराचा वास पसरला, आणि एकाने तोंडाकडून तर दुसऱ्याने शेपटीकडून पकडलं. सापाचे दात मागे वळलेले असतात. घास आत सरकतो, बाहेर सहज येत नाही. दोघे गिळत गिळत मध्यावर येतात आणि ज्याचा जबडा मोठा तो उंदरासह समोरच्याचं डोकंही तोंडात घेतो. अशा वेळी ओढाताण केली तर दात तुटतात, जबडा फाटतो. ओढू नका. दोन्ही साप हातात आधार देऊन धरा, तोंडांवर गार पाण्याची बारीक धार सोडा म्हणजे बहुधा एक जण पकड सोडतो, आणि पशुवैद्यकाला लगेच फोन करा.

दुसरा धोका रोगांचा, आणि माझ्या मते तोच जास्त घातक, कारण तो दिसत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जठराचं अस्तर जाड करतो. साप खाल्लेलं ओकतो, अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसतो, वजन घटत जातं. खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीची जंतुनाशकं त्याला पुरत नाहीत. बोआ आणि अजगरांमध्ये इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य रोग असतो. बोआ तो अंगात घेऊन दीर्घकाळ निरोगी दिसू शकतो, अजगराची मात्र चेतासंस्था झपाट्याने बिघडते. म्हणून बोआ आणि अजगर एकत्र ठेवणं तर अजिबातच नको. अजगरांना नायडोव्हायरस या विषाणूचा श्वसनविकारही होतो. दोघांचं पाणी एक, जमीन एक, तर आजारही एकच.

तिसरी अडचण कोणी सांगत नाही. पेटीत सकाळी ओकलेला उंदीर सापडला. कोणाचा? विष्ठा पातळ आहे. कोणाची? एका पेटीत दोन साप असले की दोघांचीही तब्येत कळेनाशी होते, आणि सापाच्या आजारात हेच दोन-तीन सुगावे हाती असतात.

शिवाय नको असलेली पिल्लं. लहान सापाचं लिंग ओळखण्यात विक्रेत्याचीही चूक होते, आणि 'दोन माद्या' वर्षभराने नर-मादी निघतात. कोवळ्या वयात अंडी धरलेल्या मादीला ती अडकून जिवावर बेततं. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर वेगळा केल्यावर काही महिन्यांनीही फलित अंडी येऊ शकतात.

पायरी १: 'एकटेपणा' आधी तपासा

जोडीदाराचा विचार आला की पेटीसमोर थर्मामीटर घेऊन बसा. साप दिवसरात्र काचेला नाक घासत फेऱ्या मारत असेल, तर उबदार टोक जास्त तापलंय का, पेटी लहान आहे का, तो भुकेला आहे का, हे बघा. प्रौढ नर विणीच्या हंगामात असा फिरतो आणि खाणंही सोडतो, ते आपोआप निवळतं. साप सतत पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर उष्णता जास्त आहे, हवा कोरडी आहे किंवा अंगावर माइट्स (रक्त शोषणारे बारीक किडे) झाले आहेत. आणि बॉल पायथन दिवसभर बिळात पडून असेल तर तो उदास नाही, तो बॉल पायथन आहे.

पायरी २: पेटी

सापाला अंग पूर्ण सरळ करता येईल एवढी लांबी हवी. प्रौढ कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन साधारण ९० ते १५० सें.मी. भरतो. त्याला १२० × ६० × ६० सें.मी.ची पेटी ही मी किमान सोय धरतो. १२० सें.मी.हून लांब सापाला त्याच हिशेबाने पेटी वाढवा. कॉर्न स्नेक चढणारा आहे, त्याला उंची आणि फांद्या द्या. मोठ्या पेटीत साप घाबरतो असं म्हणतात, पण त्याला पेटीचा आकार घाबरवत नाही, मोकळं मैदान घाबरवतं. पानं, साली, बोगदे, आडोसे भरले की पिल्लूही मोठ्या पेटीत बिनधास्त फिरतं.

झाकण आणि दार यांवर मात्र कंजूषी करू नका. जिथून डोकं गेलं तिथून साप गेला. पिल्लाला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. सरकत्या काचांमधली फट, वायर आत जाण्याचं भोक, झाकणाचा वाकलेला कोपरा, या तीन जागा बोट फिरवून तपासा. वर वीट ठेवून झाकण बंद होत नसतं. कुलूप किंवा खिट्टी लावा. घरात लहान मुलं असतील तर कुलूपच.

पायरी ३: उष्णता, आणि तिच्यावर लगाम

साप स्वतःचं तापमान जागा बदलून सांभाळतो. म्हणून पेटीत एक टोक उबदार, एक टोक गार. कॉर्न स्नेकला उबदार बाजू २८ ते ३२ अंश सेल्सिअस आणि गार बाजू २२ ते २४. बॉल पायथनला उबदार जागी ३१ ते ३३, गार टोकाला २५ ते २७. आर्द्रता कॉर्नला ४० ते ६० टक्के, बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के. कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त.

हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असो, सिरॅमिक हीटर असो की दिवा, प्रत्येकाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरल्या पातळीवर ठेवणारं उपकरण, लावायचाच. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावली की काच ४० अंशांच्या वर सहज जाते, आणि पोट भाजण्याआधी साप तिथून हलेलच याची खात्री नसते. मॅटला साधा बंद-चालू थर्मोस्टॅट चालतो, सिरॅमिकला पल्स पद्धतीचा, म्हणजे वीज थोड्या थोड्या झटक्यांनी सोडणारा, दिव्याला उजेड कमी-जास्त करणारा. सेन्सर साप जिथे बसतो त्या पातळीवर पक्का बांधा. सापाने तो ढकलून गार कोपऱ्यात नेला, की थर्मोस्टॅट बापडा पेटी गार आहे समजून उष्णता वाढवत राहतो. आतल्या दिव्याला जाळी हवी. तापणारे कृत्रिम दगड घेऊ नयेत, त्यांनी भाजतं. दोन टोकांना दोन डिजिटल थर्मामीटर लावा, चिकटवण्याचे गोल काट्याचे फसवतात.

पायरी ४: आतली मांडणी

किमान दोन आडोसे, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवला तर सापाला ऊब की सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडतो. आडोसा असा घट्ट हवा की वेटोळ्याचा स्पर्श भिंतींना व्हावा. तिसरा आडोसा ओल्या मॉसचा (शेवाळाचा) केला तर कात अखंड निघते.

खाली अ‍ॅस्पनचा भुसा, सायप्रसची साल किंवा नारळाचा भुगा चालतो. बॉल पायथनला शेवटचे दोन जास्त मानवतात. सीडार आणि पाइनचा भुसा टाळा, त्यातल्या उग्र द्रव्यांचा त्रास होतो. पाण्याचं भांडं जड असावं, पाणी रोज बदलावं. विष्ठा दिसली की लगेच काढा आणि महिन्यातून एकदा साप बाहेर काढून पेटी पूर्ण धुवा. ब्लीच वापरत असाल तर १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने खळबळा, पूर्ण वाळवा आणि वास गेल्यावरच साप परत. ब्लीचबरोबर अमोनिया कधीही मिसळू नका.

मनोरंजन हवंच असेल तर दर काही आठवड्यांनी एखादी फांदी हलवा, नवी वाळलेली पानं टाका, पुठ्ठ्याचा खोका ठेवा. जीभ बाहेर काढत काढत साप तासभर त्याचा तपास करतो. जोडीदाराकडून आपण त्याच्यासाठी जे मागत होतो, ते यात बरंचसं मिळतं.

पायरी ५: खाणं आणि हाताळणं

नवा साप आल्यावर आठवडाभर हात लावू नका. मग पहिलं खाणं. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं जाड असावं, गोठवून पूर्ण वितळवलेलं आणि लांब चिमट्याने दिलेलं. जिवंत उंदीर सापाला चावतो, कधी डोळाही फोडतो. खाल्ल्यावर ४८ तास हाताळू नका, नाहीतर ओकेल. अडीच मीटरच्या वरचा अजगर किंवा बोआ एकट्याने हाताळू नये, त्याला खायला घालताना तर नाहीच.

साप दिसायला निरोगी असला तरी सॅल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू बाळगू शकतो. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नेऊ नका, आणि पाच वर्षांखालची मुलं, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना साप हाताळू देऊ नका.

पायरी ६: दुसरा साप आणायचाच असेल तर

दोन साप पाळायला कोणाची ना नाही. दोन पेट्या हव्यात, दोन थर्मोस्टॅट हवेत आणि नव्यासाठी किमान ९० दिवसांचं विलगीकरण हवं, शक्यतो वेगळ्या खोलीत. खाली कोरा कागद अंथरा, आडोसा पुठ्ठ्याचा ठेवा. पेटी कुरूप दिसते, पण कागदावर विष्ठा, ओकारी आणि माइट्स लगेच दिसतात.

माइट म्हणजे खसखशीएवढा काळा ठिपका. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी ते बुडलेले सापडतात, सापाच्या डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत रुतलेले असतात. पांढऱ्या ओल्या कागदावरून साप हळूच सरकू द्या, काळे ठिपके उमटले की कळतं. उबेत त्यांची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते, त्यामुळे एकदा औषध करून भागत नाही.

रोजच्या कामाचा क्रम पाळा: आधी जुन्याचं पाणी, सफाई, खाणं, शेवटी नव्याचं. चिमटा, भांडी, फडकी वेगळी. विष्ठेचा नमुना सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. तीन महिन्यांनी सगळं ठीक असलं तरी नवा साप जुन्याच्या खोलीत येतो, त्याच्या पेटीत नाही.

आधीच एकत्र असतील तर

घाबरून दोघांना लगेच प्लास्टिकच्या डब्यात कोंबू नका, पण पुढचं खाणं देण्याआधी वेगळे करा. मधल्या काळात झाकण पक्कं बसणारा, बाजूंना भोकं पाडलेला मोठा डबा, कागद, दोन आडोसे, पाणी आणि थर्मोस्टॅटवरची मॅट एवढ्यावर काम चालतं. हलवायचा तो दबलेला, बारीक साप नव्हे. त्याला ओळखीच्या पेटीत राहू द्या आणि जोरकस असलेल्याला नव्या जागी न्या.

दोघांचं वजन करून लिहून ठेवा. पुढचे दोन महिने दर आठवड्याला वजन, खाल्लं की नाही, विष्ठा, कात यांची नोंद. बारीक असलेला वेगळा झाल्यावर खायला लागला, तर त्याचं दुखणं काय होतं ते तुम्हाला कळलं. वेगळा होऊनही तो ओकत असेल किंवा वजन उतरतच राहिलं, तर पशुवैद्यकाकडे न्या, आणि दुसराही तपासून घ्या. एक मादी असेल आणि तिचं पोट मागच्या बाजूला फुगलेलं दिसत असेल, तर अंडी घालण्यासाठी ओल्या मॉसचा डबा ठेवून द्या.

गार्टर स्नेकचा अपवाद

एकत्र ठेवण्यात अनुभवी पालकांना बऱ्यापैकी यश येतं ते गार्टर स्नेकमध्ये, तेही अटींवर. सगळे एकाच आकाराचे, एकाच लिंगाचे, विलगीकरण पूर्ण झालेले. एकासाठी लागते त्याहून बरीच मोठी पेटी, आणि जितके साप त्यापेक्षा जास्त आडोसे, दोन्ही टोकांना. खायला घालताना प्रत्येकाला वेगळ्या डब्यात काढायचं, खाऊन झाल्यावर तोंडाला लागलेला वास पुसायचा आणि मगच परत सोडायचं, कारण गार्टर साप खाण्याच्या बाबतीत अधाशी असतात आणि मासोळीचा वास लागलेलं भावंडही त्यांना मासोळीच वाटतं. यातला एक जरी साप सलग दोनदा खाल्ला नाही, सतत एकाच कोपऱ्यात दिसला किंवा इतरांपेक्षा मागे पडला, तर त्याला वेगळं करायचं. त्यासाठीची रिकामी पेटी, थर्मोस्टॅट लावून तापमान जमवलेली, पहिल्या दिवसापासून तयार हवी. ती ठेवायला घरात जागा नसेल, तर गार्टरही एकच ठेवा.